वजनकाट्यावरील किटाळ आणि दुधाच्या अकरा पिशव्या

सूज्ञ वाचकहो, सदर कथेत एका प्रामाणिक मनुष्यावर आलेल्या किटाळाचे साद्यंत वर्णन करण्यात येणार आहे. या कथेत खून नाही, प्रेमप्रकरण नाही आणि भूतपिशाच्चही नाही. एक वजनकाटा आहे, अंगठ्याएवढी एक विजेची जोडणी आहे, खाडीवरून येणारी दमट हवा आहे आणि दुधाच्या अकरा रिकाम्या पिशव्या आहेत. एवढ्याशा सामग्रीने बावीस वर्षांची अब्रू कशी टांगणीस लागली, ते वाचकांनी शांत चित्ताने वाचावे ही नम्र विनंती.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, जिथे रस्त्यावरची धूळसुद्धा गंजाच्या रंगाची असते, तिथे भैरवकृपा नावाचा एक वजनकाटा आहे. काटा म्हणजे लोखंडाचा एक लांबरुंद ओटा. त्यावर सबंध ट्रक उभा राहतो, शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये लाल आकडे उमटतात आणि केबिनमध्ये बसलेला मनुष्य त्या आकड्यांची पावती फाडून देतो. त्या पावतीवर लोक डोळे मिटून व्यवहार करतात. सकाळी सहा ते दुपारी दोनपर्यंत त्या केबिनमध्ये मधुकर शेडगे बसत असत आणि दोननंतर निशांत नावाचा तरुण बसत असे.

मधुकर मूळचे माण तालुक्यातील. चोपन्न वर्षे वय, अंगावर सदैव इस्त्रीचा सदरा. बाजारात त्यांची अशी ख्याती होती की, मधुकररावांच्या पावतीवर देवानेही सही करावी. त्यांना कोणी चहा पाजला तरी ते दुसऱ्या दिवशी त्यास चहा पाजून मोकळे होत. या ख्यातीपलीकडे त्यांच्यापाशी मिरवण्यासारखे काही नव्हते आणि त्यांना त्याची खंतही नव्हती.

परंतु प्रत्येक मनुष्यास एक खोड असते. मधुकरांची खोड अशी की, नवी वस्तू खराब होऊ नये यासाठी ते तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत. कामोठ्यातील त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा रिमोट पिशवीत होता, सोफ्यावर दुकानातले कव्हर सहा वर्षे तसेच होते आणि मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेस लॅमिनेशन करून ते लॅमिनेशन खराब होऊ नये म्हणून वर आणखी एक पिशवी घातलेली होती. रिमोट मात्र दोन वर्षांपासून तळहातावर तीन-चार वेळा आपटल्याशिवाय चालत नसे. मधुकर म्हणत, "कव्हर आहे म्हणून निदान एवढा तरी चालतोय."

या कार्यास लागणारे साहित्य त्यांच्या पत्नी सुनीती पुरवीत. दुधाची पिशवी रिकामी झाली की ती धुवायची, ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची आणि घडी घालून खणात ठेवायची, असा त्यांच्या घरचा नेम होता. भंगारवाल्यास त्या घरातून कधी दुधाची पिशवी मिळाली नाही.

असो. मूळ विषयाकडे वळू.

गेल्या मे महिन्यात काट्याचे तरुण मालक स्वानंदशेठ यांनी काट्याखालचे जुने यंत्र काढून नवीन बसविले. ते बसविण्यास उरणकडचा नजीब नावाचा मिस्त्री आला होता. काट्याच्या पोटात एक खड्डा असतो. त्या खड्ड्यात वजन ओळखणारे लोखंडी ठोकळे असतात आणि त्यांची वायर एका कनेक्टरद्वारे केबिनकडे जाणाऱ्या वायरीस जोडलेली असते. हा कनेक्टर पितळेचा, फिरवून बसवायचा, सोन्याच्या मण्यासारखा चकचकीत होता. त्याचे दोन भाग; एकाच्या पोटात बारीक पिना, दुसऱ्याच्या पोटात तितकीच बारीक भोके. ट्रकचे सोळा टन वजन अखेर त्या सुईएवढ्या पिनांमधून केबिनपर्यंत पोहोचते, ही गोष्ट मधुकरांना फार अद्भुत वाटली.

नजीबने कनेक्टर खड्ड्याच्या भिंतीस अडकविला, त्याचे तोंड खाली केले आणि वायरीला एक झोळ दिला.

"काका, याला आता हात लावू नका," तो म्हणाला. "पानी आलं तर झोळावरून गलून जाईल. असाच रावदे."

"उघडाच?" मधुकरांनी विचारले.

"उगडाच. त्याला मोकली हवा लागते."

मधुकरांनी मान डोलावली. परंतु त्यांच्या मनास ते पटले नाही. एवढी किमती वस्तू, आणि तोंडावर पावसाळा! नजीबची गाडी वळणापलीकडे गेली तोच त्यांनी डब्याच्या पिशवीतून दुधाच्या दोन स्वच्छ पिशव्या काढल्या, कनेक्टरला एकीवर एक चढविल्या आणि वरून काळी चिकटपट्टी अशी आवळली की मुंगीही शिरू नये. खड्ड्यातून वर आल्यावर, तान्ह्या बाळास कुंची घातल्यावर आईला जे समाधान लाभते, ते त्यांना लाभले.

संपूर्ण पावसाळा निर्विघ्न पार पडला. मधुकरांनी त्याचे श्रेय मनोमन त्या दोन पिशव्यांना दिले.

दसरा झाला. पाऊस ओसरला. दिवसा अंगाची लाही होऊ लागली आणि पहाटे गाड्यांच्या काचांवर दव जमू लागले. अशा एका दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, मधुकर डबा आवरून घरी निघण्याच्या बेतात असताना, नंदकिशोरशेठ केबिनमध्ये आले. हे बाजारातले सळयांचे व्यापारी. मनाने वाईट नाहीत, परंतु आवाज असा की शेजारच्या गाळ्यातही हिशेब चुकावा. त्यांनी मधुकरांच्या पुढ्यात तीन पावत्या मांडल्या.

"मधुकरराव, ही बघा. गाडी एक, माल एक. सकाळी सात वाजता तुमच्याकडे सोळा टन चारशे वीस. म्हटलं डाउट आहे, म्हणून तीच गाडी तळोज्याच्या काट्यावर घातली. तिथं सोळा टन दोनशे चाळीस. आता परत इथं आणली. हा निशांत बसलाय. किती? सोळा टन दोनशे चाळीस! माझ्या सळया सकाळी गरोदर असतात आणि दुपारपर्यंत बाळंत होतात का?"

निशांतने कानातली वायर काढली. "शेठ, मी फक्त आकडा बघितला हां. मला मध्ये घेऊ नका."

"एकशे ऐंशी किलो, मधुकरराव! माल विकणारा तुमचा मेव्हणा आहे का?"

मधुकरांनी तिन्ही पावत्या दोनदा वाचल्या. "काटा रिकामा असताना शून्य दाखवतो, शेठ. मी रोज बघतो. काट्यात खोट नाही."

"तेच म्हणतो मी. काट्यात खोट नाही. मग कोणात आहे?"

मधुकरांनी तिन्ही पावत्या एकावर एक ठेवून शेठांच्या हाती दिल्या.

मधुकर तेव्हा बाहेर पडले, पण त्या रात्री त्यांना अन्न गोड लागले नाही. विचार करता करता त्यांना असे वाटले की, पावसाचे उरलेसुरले पाणी त्या नाजूक जोडणीपर्यंत पोहोचत असावे आणि दोन पिशव्या कमी पडत असाव्यात. त्यांचे गाव दुष्काळी. त्या गावी पाणी वरून येई, आणि तेही क्वचित. पाणी हवेतून आडवे चालत येते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे काट्यावर कोणी नसताना ते खड्ड्यात उतरले आणि आणखी तीन पिशव्या चढवून आले. एकूण पाच झाल्या.

त्या आठवड्यात सकाळचे वजन एकशे नव्वद किलोने चढे आले.

मधुकरांनी सातव्या पिशवीपर्यंत मजल मारली. तेव्हा वजन दोनशे दहा किलोने चढे आले.

स्वानंदशेठ चिंतेत पडले. त्यांनी देखभाल करणाऱ्या कंपनीस फोन केला. नजीब न्हावा शेव्याच्या बंदरात मोठ्या कामावर अडकलेला असल्याने कंपनीने दुसरा मनुष्य पाठविला. तो प्रमाणित वजनांची गाडी घेऊन सकाळी निघाला आणि वाहतुकीच्या कृपेने दुपारी अडीचला पोहोचला. त्याने वजने चढविली, उतरविली, चारही कोपरे तपासले. एका किलोचाही फरक निघाला नाही. 'काटा निर्दोष' असा शेरा लिहून तो निघून गेला.

वाचकहो, त्या शेऱ्याचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करा. काटा निर्दोष ठरला की दोष कोणाकडे उरतो? दुपारचा मनुष्य बसला की वजन बरोबर, सकाळचा मनुष्य बसला की वजन चढे. एवढे गणित करण्यास बाजारात कोणासही कागद लागला नाही.

त्यातच आणखी एक विपरीत घडले. मधुकर पहाटे खड्ड्यातून वर येत असताना नंदकिशोरशेठांचा ड्रायव्हर सिताराम याने त्यांना पाहिले. हातात बॅटरी, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा आणि गुडघ्याला चिखल.

"काय काका, पहाटे पहाटे पाताळात?" सितारामने विचारले.

नजीबने हात लावू नका म्हणून बजावले होते. ते मधुकरांना त्या क्षणी आठवले आणि त्यांच्या मुखातून निघून गेले, "उंदीर आहे का बघत होतो."

मधुकरांच्या बाजारातील बावीस वर्षांच्या वास्तव्यातले हे पहिले असत्य होते. सरावच नसल्यामुळे ते फार वाईट बोलले गेले. सिताराम चहाच्या टपरीपर्यंत जाईतो त्याचे रूपांतर वेगळ्याच गोष्टीत झाले. दुपारपर्यंत बाजारात असे ठरले की, मधुकर शेडगे यांनी काट्याखाली चिप बसविली आहे आणि तिचा रिमोट त्यांच्या खिशात असतो. असले प्रकार काही काट्यांवर उघडकीस आल्याच्या बातम्या लोकांनी मोबाइलवर पाहिल्या होत्या.

मधुकर टपरीवर गेले की बाकावरची माणसे सरकून जागा देऊ लागली. पूर्वी ती सरकत नसत. "बसा की मधुकरराव, चेपून बसू," म्हणत. आता ऐसपैस जागा मिळू लागली आणि मधुकर उभ्यानेच चहा पिऊ लागले.

शुक्रवारी स्वानंदशेठांनी त्यांना बोलावून घेतले. स्वानंदशेठांच्या वडिलांनी मधुकरांना कामावर ठेवले होते आणि लहानपणी स्वानंद स्वतः काट्यावर उभे राहून "काका, मी किती टन?" असे विचारीत असत. त्यामुळे पुढचे बोलताना ते टेबलाकडे पाहत होते.

"मधुकरकाका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्या एकट्याच्या विश्वासावर काटा चालत नाही. सात व्यापारी दुसरीकडे गेले. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर टेस्ट घेतो. नजीबलाही बोलावलंय. तुम्ही केबिनमध्ये यायचं नाही. तुम्ही लांब असताना वजन बरोबर आलं तर..."

"तर मी जायचं," मधुकर म्हणाले.

"तर काय करू, तुम्हीच सांगा."

"तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं," मधुकर म्हणाले आणि उठले.

घरी त्यांनी सुनीतींना सारे सांगितले. केवळ पिशव्यांचे सांगितले नाही, कारण ती गोष्ट त्यांच्या मते त्यांच्या बाजूची होती आणि आपल्या बाजूच्या गोष्टीची बढाई मारू नये.

सुनीतींनी विचारले, "अहो, पण तुम्ही खरंच काही केलं नाहीत ना?"

मधुकर त्यांच्याकडे बघतच राहिले.

"नाही, म्हणजे विचारलं आपलं," सुनीती म्हणाल्या. "सोसायटीत बायका विचारतायत. काय सांगू त्यांना?"

"सांग की सोमवारी कळेल."

रविवारी त्यांनी खणातून चार पिशव्या घेतल्या. सोमवारच्या परीक्षेत काटा निर्दोष राहिलाच पाहिजे, या हेतूने रविवारी सायंकाळी, सुट्टी असताना, ते काट्यावर गेले आणि त्या चारही पिशव्या चढवून, चिकटपट्टीचे अख्खे रीळ संपवून आले. एकूण अकरा झाल्या. कनेक्टर आता नारळाएवढा दिसू लागला.

सोमवार उजाडला. पहाटे इतके दव पडले होते की केबिनच्या काचेवर बोटाने नाव लिहिता आले असते. सात वाजता मंडळी जमली. स्वानंदशेठ, नंदकिशोरशेठ, ड्रायव्हर सिताराम, निशांत आणि आपली हत्यारांची पेटी घेऊन नजीब. आदल्या दिवशी तळोज्याच्या काट्यावर तोललेला, बरोबर सोळा टन भरलेला ट्रक उभा होता.

नंदकिशोरशेठ पुढे झाले. "मधुकरराव, मोबाइल द्या. घड्याळ पण काढा. खिसे?"

मधुकरांनी मोबाइल दिला, घड्याळ दिले आणि खिसे उलटे केले. खिशातून घरची किल्ली आणि एक रुमाल निघाला. रुमालही प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. नंदकिशोरशेठांनी ती पिशवी उन्हाकडे धरून पाहिली आणि परत केली.

"तिकडे त्या खांबाजवळ उभे राहा. हात वर नको, पोलीस स्टेशन नाही हे. पण दिसतील असे ठेवा."

मधुकर खांबाजवळ उभे राहिले. निशांत केबिनमध्ये बसला. दोन वाजल्याशिवाय या मुलाच्या डोळ्यांतील झोप जात नसे, म्हणूनच त्याने आजवर सकाळची पाळी कधी पत्करली नव्हती. ट्रक काट्यावर चढला. लाल आकडे धावले, थबकले, पुन्हा थोडे धावले आणि स्थिरावले.

"किती?" नंदकिशोरशेठ ओरडले.

"सोळा टन दोनशे तीस," निशांत म्हणाला. मग त्याने डोळे चोळले. "शेठ, मी काही नाही केलं हां! आईशप्पथ! हात इथं बघा!"

स्वानंदशेठांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तरतरी आली. "बघा शेठ! काका तर खांबाजवळ आहेत. म्हणजे काकांचा दोष नाही!"

"दोष नाही काय? चिप आत आहे!" नंदकिशोरशेठ म्हणाले. "रिमोट कशाला पाहिजे? हल्ली टायमर असतो टायमर. सकाळी चालू, दुपारी बंद. सिताराम, तू बघितलंस ना ह्यांना खड्ड्यात? उघडा खड्डा!"

खड्ड्याचे झाकण उघडण्यात आले. नजीब आत उतरला. मग त्याचा आवाज आला.

"या अल्ला. हे काय हाय?"

"सापडली!" नंदकिशोरशेठांनी सितारामच्या पाठीवर थाप मारली. "सापडली चिप!"

नजीबने वायरीचा झोळ सोडवून ते काळे, गोल गाठोडे खड्ड्याच्या काठावर आणून ठेवले. सर्वजण वाकून पाहू लागले. नजीबने सुरी काढून पहिली चिकटपट्टी कापली. आतून दुधाची पिशवी निघाली. ती सोलल्यावर दुसरी निघाली. तिसरी निघाली. नंदकिशोरशेठ मोठ्याने मोजू लागले. सहाव्या पिशवीपासून त्यांचा आवाज उतरत गेला. आठव्या पिशवीतून पाणी ठिबकू लागले. अकरावी पिशवी कापताच तीतून अर्धा कप गार पाणी भसकन बाहेर आले आणि स्वानंदशेठांच्या बुटावर पडले.

आत कनेक्टर होता. पितळेच्या भांड्यात ताक राहिले असता ते जसे कळकते, तसा तो हिरवा झाला होता. नजीबने तो फिरवून उघडण्याचा प्रयत्न केला, तर तो पकडीशिवाय उघडेना. उघडला तेव्हा आतल्या पिनांवर हिरवा-पांढरा थर दिसला, जणू मिठागरात पडलेली तांब्याची तार.

"चिप कुठं आहे?" नंदकिशोरशेठांनी विचारले.

"चिपबिप काय नाय, शेठ," नजीब म्हणाला. "ह्यो बुडून मेला."

"पावसाचं पाणी शिरलं?" स्वानंदशेठांनी विचारले.

"पावसाचं नाय. हवेचं." नजीब उकिडवा बसला. "ही पिशवी कितीबी आवला, हवा शिरतेच. दिवसा लोखंड तापतंय, आतली हवा फुगते, भायेर जाते. पहाटे गार झालं की भायेरची हवा आत वडली जाते. ती हवा खाडीची, खारी. आत गेली की तिचं पानी होतंय. रोज एक थेंब. आनि भायेर याला वाट नाय. पावसात दिस-रात सारकीच व्हती, म्हनून चाललं. आता ऊन नि दव सुरू झालं, नि याचा गला धरला."

"मग दुपारी बरोबर कसं येतं?"

"दुपारी तापलं की पिनांवरचं पानी पिशवीला जाऊन बसतंय. पहाटे परत पिनांवर. रिकामा काटा असला तर काय कलत नाय, भार आला की आकडा फसतो." त्याने पिशव्यांच्या ढिगाकडे पाहिले. "आमच्या बोटीवरच्या वायरींना आमी कदी पिशवी नाय बांदत. तोंड खाली ठेवतो. पानी येतंय, पानी जातंय. उगडा ठेवला असता तर दा वर्सं चालला असता. कुनी बांदली ही?"



वाचकहो, आता त्या क्षणाचे नीट अवलोकन करा. चिप नाही हे सिद्ध झाले होते. मधुकर चोर नाहीत हे सिद्ध झाले होते. खांबाजवळ उभे असलेल्या मनुष्याने केवळ गप्प राहावयाचे होते.

स्वानंदशेठांनी तर वाटही काढून दिली. "कोंडिबा वॉचमन होता ना, ऑगस्टमध्ये गावी गेला तो. त्यानंच काहीतरी केलं असेल. अडाणी माणूस. जाऊ दे, तो आता परत येणार नाही. विषय संपला."

"हां, कोंडिबाच," निशांत म्हणाला. "तो काहीपण करायचा."

मधुकरांच्या डोळ्यांपुढे कोंडिबा उभा राहिला. तो रोज पहाटे काटा झाडून काढी आणि झाडताना मध्ये आलेला खिळासुद्धा मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवी. मधुकर खांबापासून निघाले आणि खड्ड्याच्या काठाशी आले. हात अजूनही सर्वांना दिसतील असेच धरलेले होते.

"कोंडिबानं नाही," ते म्हणाले. "मी बांधल्या. अकराच्या अकरा. पहिल्या दोन नजीबभाई गेले त्याच दिवशी."

नजीबने मान वर केली. "काका, मी बोललो व्हतो ना?"

"बोलला होतात."

"मग?"

"नवीन होता," मधुकर म्हणाले. "खराब होईल असं वाटलं."

मग मधुकर सितारामकडे वळले. "सिताराम, तो उंदीरही खोटा होता. मी पिशव्या चढवायला उतरलो होतो. वजन चुकलं की मी दोन-तीन वाढवायचो."

स्वानंदशेठांनी हिशेब केला. "म्हणजे काका, जसजशा तक्रारी वाढल्या तसतशी तुम्ही..."

"होय."

नंदकिशोरशेठांनी एक ओली पिशवी उचलली, तिचा कापलेला कोपरा न्याहाळला आणि ती पुन्हा ढिगावर ठेवली. मग ते मालकांकडे वळून म्हणाले, "स्वानंद, हा माणूस चोर नाही. चोराला थोडी तरी अक्कल लागते. हा येडा आहे."

"शेठ!" स्वानंदशेठ म्हणाले.

"अरे, चांगलं म्हणतोय मी! चोर असता तर कोंडिबाचं नाव ऐकून गप्प बसला असता. मी बाजारात चोर म्हणून बोललो ते मीच परत घेतो. मोठ्यानं घेतो. आवाज आहे माझा." आणि त्यांनी मधुकरांचे घड्याळ आणि मोबाइल स्वतःच्या रुमालाने पुसून परत केले.

मधुकरांना नोकरीवरून काढण्यात आले नाही. स्वानंदशेठांनी त्यांना एवढीच अट घातली की, काट्यावर यापुढे त्यांनी घरचा डबा सोडून कोणतेही प्लॅस्टिक आणू नये. चढे वजन गेलेल्या गाड्यांच्या पावत्या मधुकरांनी स्वतः बसून शोधल्या आणि दोन दिवसांत त्या दुरुस्त करून ज्याच्या त्याच्या गाळ्यावर पोहोचविल्या. प्रत्येक गाळ्यावर त्यांनी कारणही सांगितले. चौथ्या गाळ्यावर पोहोचेपर्यंत कारण त्यांच्या आधी पोहोचलेले होते.

परंतु त्या सोमवारी सायंकाळी घरी काय घडले तेही सांगणे आवश्यक आहे.

"काय झालं?" दार उघडताच सुनीतींनी विचारले.

"मी चोर नाही असं ठरलं."

"देव पावला! मग काय आहात असं ठरलं?"

मधुकरांनी चपला काढल्या, सोफ्यावर बसले, कव्हर करकरले. मग त्यांनी सारी हकिकत सांगितली. अकरा पिशव्यांचा उल्लेख आला तेव्हा सुनीती उठून खण उघडून पाहून आल्या.

"तरीच! मी म्हणत होते पिशव्या जातात कुठं. मला वाटलं, झुरळं खातात."

मधुकरांनी टीव्हीचा रिमोट हाती घेतला, त्याची पिशवी काढली आणि सेलचे झाकण उघडले. आतली स्प्रिंग हिरवी होती. तशीच हिरवी. त्यांनी एका काडीला कापूस गुंडाळून ती घासली, सेल पुसून बसविले आणि बटण दाबले. टीव्ही पहिल्याच वेळी सुरू झाला.

सुनीती रिमोटकडे पाहत राहिल्या. "म्हणजे दोन वर्षं मी याला थापट्या मारत होते, त्या?"

"त्या वाया गेल्या," मधुकर म्हणाले.

त्या रात्री सोफ्याचे कव्हर निघाले. कव्हराखाली कापड जिथे तिथे बुरसले होते. गुणपत्रिकेस मात्र सुनीतींनी हात लावू दिला नाही. "ती राहू दे," त्या म्हणाल्या. "तिच्यातून करंट जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नवा कनेक्टर तोंड खाली करून उघडाच लोंबत होता. दव पडलेलेच होते. मधुकर केबिनमध्ये बसले होते आणि त्यांचा हात राहून राहून खिशाकडे जात होता, परंतु खिशात काही नव्हते. सितारामने ट्रक काट्यावर चढविला. आकडे धावले आणि पहिल्या झटक्यात थांबले. तळोज्याच्या पावतीशी एक किलोचाही फरक नव्हता.

"पिशवीवाले काका, पावती द्या की!" सिताराम खिडकीतून ओरडला.

हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटले ते चिकटलेच. टपरीवरही आता "या पिशवीवाले, बसा चेपून," असे म्हणून लोक त्यांना बोलावतात. मधुकर चेपून बसतात आणि चहा पितात. त्या बाकावर सध्या त्यांना फारच थोडी जागा मिळते.

इति. कथेत काही न्यून राहिले असल्यास ते माझ्या अल्प शिक्षणाचे समजावे, मधुकररावांचे समजू नये. आपला अमूल्य वेळ खर्चून ही हकिकत वाचणाऱ्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
किसन पांडुरंग घरत
कळंबोली